हरलेल्या खासदारबाईंचा फोन

साठी ओलांडली तरी माझी अक्कल दुधखुळीच होती. विलायतेत खासदार झालेली शेजारची लेक निवडणूक हरून पाटोद्याला माहेरी आली, आणि मी शहाणीनं विचारलं, "मग आता कोणत्या पक्षात?" आमच्याकडे हरलेल्याला हेच विचारतात. शेंगा फोडता फोडता तिनं हसून चार दाणे माझ्या हातावर ठेवले.

तेवढ्यात तिच्या तिकडच्या मतदारसंघातल्या म्हातारीचा फोन आला. घरात ओल येते म्हणून रडत होती. समोरच्याचं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, ही हिची जुनी खोड; हिनं सगळं ऐकून घेतलं आणि लगेच तिथल्या नगरपालिकेच्या कचेरीत फोन लावला.

मी म्हणाले, "अगं, खासदारकी गेली की! आता कशापायी फोन उचलतीस?"

"काकू, हरले मी. तिच्या भिंती अजून ओल्याच हाईत."