धान्य पाखडणारी बाई

सायखेड्याच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या मधोमध एक बेदाण्याचं जुनं शेड होतं. त्याच्या मालकांचा सातपूरला कारखाना होता आणि त्यांना चित्रांचा नाद होता. नव्वदच्या दशकात त्यांनी त्या शेडला भिंती घातल्या, बाजूला राहायच्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर बांधलं. चित्रकार, शिल्पकार यांनी इथे येऊन दोन-तीन महिने राहावं, जेवणाखाण्याची काळजी न करता आपलं काम करावं, अशी त्यांची कल्पना होती. ती जागा चालवायला कुणीतरी हवं होतं. मी नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते आणि नुकतीच नोकरी सोडली होती. माझे यजमान ओझरच्या विमान कारखान्यात होते, आम्ही तिथल्याच वसाहतीत राहायचो. शेठनी मला विचारलं आणि मी हो म्हणाले.

काम वाटलं होतं त्यापेक्षा फार वेगळं निघालं. कलाकार निवडणं हा त्यातला सगळ्यात लहान भाग. बाकी सगळा वेळ मोटार जळली म्हणून वायरमनच्या मागे लागण्यात, कुणाला नाशिकरोड स्टेशनवरून आणण्यात, कुणाला गावातला लाऊडस्पीकर सहन होत नाही म्हणून सरपंचांची मनधरणी करण्यात जायचा. गावातले लोक त्या जागेला चित्रवाल्यांचा बंगला म्हणत. मी रोज सकाळी लुनावरून जायचे आणि दिवेलागणीच्या आत परत यायचे.

स्वयंपाकाला एक बाई होती. पेठच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. तिकडची माणसं भात काढून झाला की आमच्या भागात द्राक्षांच्या कामाला उतरतात, तशी ती नवऱ्याबरोबर यायची. नवरा बागेत राबायचा, ती आमच्याकडे रांधायची. बोलायची कमी. नाचणीची भाकरी मात्र अशी करायची की मुंबईहून आलेला एक चित्रकार जाताना चित्रांपेक्षा त्या भाकरीबद्दलच जास्त बोलला होता.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी सांगलीहून एक शिल्पकार आले. साठी उलटलेले, उंच, किंचित वाकलेले. मी त्यांना स्टेशनवर घ्यायला गेले तेव्हा त्यांच्याकडे एक छोटी वळकटी आणि अवजारांची जड पेटी एवढंच होतं. हमालाला ती पेटी उचलू दिली नाही. रिक्षात बसल्यावर मी त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं की आयुष्यभर चौकातले पुतळे केले. घोड्यावरचे, उभे, हात वर केलेले. समिती सांगेल तेवढ्या उंचीचे आणि समिती सांगेल तशा चेहऱ्याचे. एकदा तर एका पुढाऱ्याच्या मुलाच्या आग्रहावरून बापाचं नाक सरळ करून द्यावं लागलं होतं. हे सांगताना ते हसले, पण थोडंसंच.

"आता कुणी सांगितलं नाही असं एक काहीतरी करून बघायचंय," ते म्हणाले. "जमेल की नाही ठाऊक नाही."

पहिले काही दिवस त्यांनी काहीच केलं नाही. सकाळी नदीकडे चक्कर मारायचे, मग स्वयंपाकघराच्या पायरीशी खुर्ची टाकून बसायचे. मला थोडी काळजी वाटली, पण विचारायचं नाही हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम होता. एक दिवस त्यांनीच मला बाजूला बोलावून विचारलं की ती बाई तांदूळ पाखडायला बसते तशी बसलेली मूर्ती करायची आहे, तिला चालेल का, तुम्ही विचाराल का. मी तिला विचारलं. तिने बराच वेळ हातातलं काम चालू ठेवलं आणि मग विचारलं, चौकात बसवणार का. मी ते त्यांना जाऊन सांगितलं, तेव्हा मात्र ते मोठ्याने हसले. चौकात नाही म्हणावं. मग ती तयार झाली.

त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात. दुपारची जेवणं उरकली की ती शेडमध्ये सूप घेऊन बसायची आणि ते समोर उभे राहून काम करायचे. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर चढवलेली माती, हळूहळू त्यातून बाहेर येणारे गुडघे, मनगटं, पुढे झुकलेली मान. ती खरोखरच धान्य पाखडायची, कारण नुसतं बसणं तिला जमेना. संध्याकाळी ते मूर्तीवर पाणी शिंपडून ओलं गोणपाट गुंडाळायचे आणि वर प्लास्टिक घालायचे. माती वाळली की तडकते, त्यामुळे हे रोज करावंच लागतं. ती त्यांना बाबा म्हणू लागली होती.

एका दुपारी चहा घेऊन मी शेडकडे गेले. ती जेवणाची भांडी घासून अजून यायची होती. ते कोपऱ्यातल्या खाटेवर पडलेले होते, हाताला माती तशीच. झोपले असतील असं वाटून मी कप स्टुलावर ठेवला. मग काहीतरी बरोबर नाही असं वाटलं आणि हाक मारली. गावातले डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि मान हलवली. हृदयच थांबलं होतं. झोपेतच गेले असावेत, असं ते म्हणाले.

घरचा म्हणून त्यांनी एकच नंबर दिला होता, सांगलीतल्या एका बँकेचा. त्यांची मुलगी तिथे नोकरीला होती. मी सायखेड्याच्या एसटीडी बूथवरून फोन लावला. पलीकडे गर्दीचा, टाइपरायटरचा आवाज येत होता. मी सांगितलं. तिने विचारलं, कुठे. मी म्हटलं, नाशिकजवळ. तिला ते नाशिकला आलेत हेही माहीत नव्हतं.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने आली. बरोबर एक चुलतभाऊ होता. ती पस्तिशीची असेल, साधी सुती साडी, खांद्याला ऑफिसची पर्स. वडिलांजवळ थोडा वेळ बसली. मग बाहेर येऊन म्हणाली की इतक्या लांब नेण्यात अर्थ नाही, इथेच करू. सायखेड्याला नदीकाठी केलं. माझे यजमान, गावातली चार माणसं आणि स्वयंपाकीण बाईचा नवरा खांदा द्यायला होते. अग्नी कुणी द्यायचा यावर चुलतभाऊ काही बोलू लागला, तेव्हा तिने त्याच्या हातातून चूड घेतली. कुणी अडवलं नाही.

परत आल्यावर मला एकदम मूर्तीची आठवण झाली. काल दुपारपासून तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी शेडमध्ये गेले तर गोणपाट ओलं होतं. स्वयंपाकीण बाईने आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळीही पाणी मारलं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाबा रोज मारायचे म्हणून मारलं, एवढंच ती म्हणाली.

चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी परत गेला. मुलीने रजा वाढवली आणि वडिलांच्या खोलीतच राहिली. सुरुवातीला ती शेडमध्ये यायला तयार नव्हती. तिसऱ्या दिवशी मी पाणी मारत असताना दारात येऊन उभी राहिली आणि पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलली. लहानपणी बाबांच्या कारखान्यात आम्हाला पाऊल टाकायची परवानगी नव्हती, असं तिने सांगितलं. आई दवाखान्यात होती तेव्हा बाबा एका पुतळ्याच्या मागे होते. मंत्री अनावरणाला येणार, तारीख बदलता येत नाही. बाबा आले तेव्हा आई गेली होती, तिला घरी आणून ठेवलं होतं. त्यानंतर तिने त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं, आणि पुढे पुढे कामही काही उरलं नाही.

"इथे कसे होते ते?" तिने विचारलं.

मी जे पाहिलं होतं ते सांगितलं. सकाळचं नदीवर जाणं, पायरीशी बसणं, चौकाच्या प्रश्नावर हसणं. ती ऐकत राहिली. एवढं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही, म्हणाली. मग माझ्या हातातला तांब्या घेतला आणि मूर्तीच्या खांद्यावर पाणी शिंपडलं. त्या दिवसापासून पाणी मारायचं काम तिचं झालं. कधी कधी मी सकाळी पोचायच्या आत ती आणि स्वयंपाकीण बाई दोघी मिळून गोणपाट बदलत असायच्या.

पण मूर्ती अशी ओली किती दिवस ठेवणार? पुढची चित्रकार यायची होती, तिचं तिकीट काढलेलं होतं. शेठचा फोन आला. माणूस सज्जन होता, त्यांनी घाई केली नाही, पण शेड कधी मोकळं होईल हे विचारलंच. मी चित्रकाराला फोन करून थोड्या दिवसांनी यायला सांगितलं आणि नाशिकहून एका साचेवाल्याला बोलावलं. गणपतीच्या मूर्तींचे साचे करणारा अनुभवी माणूस होता. त्याने मूर्तीभोवती फिरून पाहिलं. उजव्या खांद्यातली सळई शिल्पकारांनी अजून पक्की बांधली नव्हती, तिथलं काम राहून गेलं होतं. वर प्लास्टरचं वजन पडलं की अख्खा हात आणि त्याबरोबर पाठ खाली येईल, असं त्याचं म्हणणं पडलं. डोकं वेगळं करून घेतलं तर त्याचा साचा निघेल, बाकीचं नाही.

मी मुलीकडे पाहिलं. ठरवायचं तिने होतं. ती बराच वेळ त्या पुढे झुकलेल्या मानेकडे बघत होती.

"डोकं घ्या," ती म्हणाली.

साचेवाल्याने मानेतून तार फिरवली. मी बाहेर गेले. आत परत आले तेव्हा डोकं पाटावर ठेवलेलं होतं आणि बाकीची मूर्ती तशीच, हातात सूप धरून बसलेली. दुसऱ्या दिवशी ती माती आम्ही फोडली आणि हौदात भिजत टाकली. चांगली माती होती, टाकून देण्यासारखी नव्हती. पुढे कितीतरी जणांनी ती वापरली.

प्लास्टरचं डोकं तयार होऊन आलं तेव्हा स्वयंपाकीण बाईला बोलावलं. मूर्ती होत असताना ती समोर बसलेली असायची आणि नंतर गोणपाट बदलताना मूर्ती ओझरतीच दिसायची, त्यामुळे स्वतःचा चेहरा तिने नीट असा पाहिलाच नव्हता. पदराला हात पुसत ती जवळ आली, खाली बसून पाहू लागली. खाली वळलेल्या पापण्या, मिटलेले ओठ.

"मी अशी थकेल दिसते का, बाई?" तिने मला विचारलं.

मुलगी तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

"तुम्ही नाही, मावशी," ती म्हणाली. "थकले होते ते बाबा."

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली. नदीवरही रडली नव्हती. स्वयंपाकीण बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मी दोघींना तिथे सोडून चहा टाकायला गेले, कारण दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं.

डोकं मावशीला द्यावं असं मुलीच्या मनात होतं. ती नको म्हणाली. झोपडीत पावसाचं पाणी येतं, ठेवायचं कुठे. मग मुलीने ते गोधडीत गुंडाळून सांगलीला नेलं. एसटीत मांडीवर घेऊन बसली होती.

कलाकारांचा तो निवास पुढेही चालला. माणसं येत राहिली. काही फार मोठी झाली, काहींचं पुन्हा काही कळलं नाही. मुलगी दिवाळीच्या सुमारास फोन करायची आणि मावशी कशी आहे हे न चुकता विचारायची. मावशी दर वर्षी भात काढून झाला की यायची.

एका वर्षी ती आली नाही. तिच्या पाड्यावरच्या बाया बागेत आल्या होत्या, त्यांना विचारलं. पावसाळ्यात तापाने गेली, त्यांनी सांगितलं. रस्ता वाहून गेला होता, डोलीतून खाली आणेपर्यंत उशीर झाला. त्या हे अगदी साध्या आवाजात सांगत होत्या आणि हात घड छाटण्यात गुंतलेले होते.

मी सांगलीला फोन केला. मुलीने विचारलं, "त्यांच्या घरी त्यांचा फोटो आहे का?"

मी बायांना विचारलं. फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. एवढी वर्षं आमच्याकडे कॅमेरे घेतलेली माणसं येऊन गेली, पण तिचा एकही नव्हता. थोड्या दिवसांनी सांगलीहून पार्सल आलं. तिने त्या डोक्याचा फोटो काढून, मोठा करून, काचेत बसवून पाठवला होता.

थंडी सरत आली तेव्हा मी आणि माझे यजमान स्कूटरवरून पेठच्या बाजूला गेलो. शेवटच्या भागात चालत जावं लागलं. तिचा नवरा घरी होता. त्या वर्षी तो खाली आलाच नव्हता. मी फोटो त्याच्या हातात दिला. त्याने तो उजेडाकडे धरला. त्याची सासरहून आलेली मुलगी मागून पाहत होती. तिने काचेवर पदर फिरवला, काच स्वच्छच होती तरी.

"दगडाची हाय का?" त्याने विचारलं.

प्लास्टरची, मी म्हटलं, आणि ज्यांनी केली ते बाबा तुम्हाला आठवत असतील, तुम्ही खांदा दिला होता. त्याला आठवत होतं. त्याने मान हलवली. फोटो कुठे ठेवावा हे त्याला ठरवता येईना. एकदा खांबाला लावून पाहिला, मग धान्याच्या कणगीवर टेकवला. ती तशी दिसायची का, असं विचारावंसं मला वाटत होतं, पण मी विचारलं नाही. तोच थोड्या वेळाने म्हणाला की सूप घेऊन बसली की तोंड असंच खाली करायची, हाक मारली तरी वर बघायची नाय.

त्याच्या मुलीने कोरा चहा केला. तो प्यायलो आणि उजेड असतानाच आम्ही घाट उतरायला निघालो.