सात नंबरचं पांढुरकं सिरम

आधीच सांगते, भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जाणारी बाई आहे. बीएस्सी झालेली, लॅबमध्ये उभं आयुष्य गेलेलं. तरीही हे लिहितेय... कारण माझा राग अजून गेलेला नाही.

साल चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर. मी मूळची वडूजची, सांगलीत एका डॉक्टरांच्या रिसर्च लॅबमध्ये टेक्निशियन होते. सरांचा विषय हार्ट फेल्युअर. कुत्र्याच्या हृदयातून निघणारी मोठी नस ऑपरेशन करून आवळायची. काही महिन्यांत हृदय थकतं, पोटात पाणी होतं, धाप लागते. मग रक्तातली साखर आणि चरबी कशी बदलते ते मोजायचं. त्यासाठी कुत्रं रात्रभर उपाशी हवं.

कुत्र्यांचं सगळं शिदूमामा बघायचे. इस्लामपूरकडचे, फौजेतून रिटायर झालेले. सरांनी कुत्र्यांना नंबर दिलेले, मामांनी नावं. सात नंबर म्हणजे सुभेदार. शेवटचं रक्त घेऊन एखाद्या कुत्र्याला मारायचा दिवस आला, की आदल्या संध्याकाळी मामा त्याला हमखास दूध-भाकरी आणि वर लोण्याचा गोळा घालायचे. सकाळी रक्त मशीनमध्ये फिरवलं की वरचं सिरम स्वच्छ पिवळसर यायला हवं, ते लोण्याच्या चरबीनं पातळ ताकासारखं पांढुरकं यायचं. चोरी लगेच पकडली जायची! सर ओरडायचे.

"आवं साहेब, मरायला निघाल्याला जीव उपाशी कसा धाडायचा? आमच्यात न्हाई तसं."

त्या वर्षी मामांचेच पाय सुजले. एक जिना चढताना दोनदा बसायचे. मला म्हणाले, "ताई, आडवं पडलं की दम कोंडतुया. भिताडाला टेकून झोपतुया." मी सरांना तीनदा सांगितलं, यांना एकदा तपासा. तिन्ही वेळा एकच उत्तर — "ही सिरीज संपू दे." अहो, हार्ट फेल्युअरचा एवढा मोठा अभ्यासक, स्टेथोस्कोप गळ्यातच लटकतोय, आणि समोरच्या माणसाच्या छातीला लावायला दोन मिनिटं नाहीत?

मामा गेले. गावी, बसल्या जागी.

पुढच्याच आठवड्यात सुभेदारची पाळी आली. संध्याकाळी मी स्वतः पिंजरे तपासले, खोलीला कुलूप घातलं. किल्ली एकच, माझ्या पर्समध्ये. सकाळी रक्त घेतलं — सिरम पांढुरकं! सर म्हणाले, आजारानं झालेला बदल असेल. म्हणून शेजारच्या पिंजऱ्यातल्या, तसंच उपाशी ठेवलेल्या ठणठणीत कुत्र्याचं रक्त घेतलं. तेही तसंच.

मग आळ माझ्यावर. त्या संध्याकाळी सरांनी स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून घरी नेली. सकाळी आम्ही दोघांनी मिळून दार उघडलं. सुभेदार जिभल्या चाटत बसला होता. सिरम पुन्हा तसंच.

सरांनी ती ट्यूब उजेडात धरली. मग हळूच म्हणाले, "बाई, शिदूला... नक्की काय होत होतं हो?"

पहिल्यांदा विचारलं! माणूस जाऊन बारा दिवस झाल्यावर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "सात नंबरला होतंय तेच."

 सरांनी त्या कुत्र्यावरचा प्रयोग रद्द केला.

कुलूपबंद खोलीत कुत्र्यांना कोणी खाऊ घातलं, ते मला आजही सांगता येत नाही. आणि खरं सांगू? मला मामांचाही राग येतो. मेल्यावर परत यायचंच होतं, तर सरांची गचांडी धरायची होती, जाब विचारायचा होता... हा बाबा कुत्र्यांना जेवू घालून गेला.