तीन दीर आणि माझं अध्यात्म

चूक माझीच. मेहुणीने दाखवायच्या कार्यक्रमासाठी साधा अभंग पाठ केला होता. पाहुण्यांनी ‘गाणं येते का?’ विचारताच मी मधे पडलो, ‘अभंग सगळ्याच मुली म्हणतात. ते निंदणाचं गाणं म्हण ना!’

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नरखेडकडच्या सासऱ्यांनी मुलगी आमच्या प्रताप नगरच्या घरी आणली होती, कारण खाप्याच्या पाहुण्यांना नागपूर सोयीचं. मुलगा शिकलेला, आणि मेहुणीला तो फोटोतच आवडलेला. हे तिने फक्त माझ्या बायकोला सांगितलं होतं, म्हणजे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

ते गाणं बाया कपाशी निंदताना म्हणायच्या. मी एकदा शेताच्या धुऱ्यावर बसून ऐकलं, आणि तेव्हापासून कचेरीत लोकगीतांचा जाणकार म्हणून मिरवत होतो. मेहुणीने माझ्याकडे एकदा पाहिलं. पण मोठ्या जावयाचा शब्द मोडायचा कसा? तिने डोळे मिटून सुरू केलं:

‘तीन दीर कापले बाई, वळणीवर वाळू घातले,
सासूच्या कवटीत बाई, सांजदिवा लावला.’

मुलाच्या आईला मुलगे चार. थोरल्यासाठी मुलगी पाहायला आलेले, म्हणजे उरले तीन. कवटीत दिवा लागला तेव्हा तिने पोह्यांची बशी खाली ठेवली.

‘हे काय म्हणून राहिली वं पोरगी?’

‘मावशी, रूपक आहे ते,’ मी सरसावलो. ‘तीन दीर म्हणजे सत्त्व, रज, तम. सासू म्हणजे माया. तिला मारल्याशिवाय ज्ञानाचा दिवा लागत नाही.’

‘म्हणजे मारायचंच आहे ना मले?’

‘तुम्हाला नाही, मायेला.’

‘भाऊ, तुमच्या घरी माया असंन. आमच्या घरी मी आहो.’

मुलगा हसला. आईने मान वळवताच त्याचं हसणं जागीच मेलं. मग ती मेहुणीला म्हणाली, ‘तूच सांग. काय अर्थ हाय याचा?’

‘मले अर्थ नाही माहीत,’ मेहुणी म्हणाली. ‘घरी बोलता येत नाही, म्हणून बाया वावरात म्हणते. कोणाले मारायचंच असतं, तं गाणं कायले म्हटलं असतं?’

खोलीतला ताण जरा सैल झाल्यासारखा वाटला. आता गप्प बसायला काय हरकत होती? पण मी म्हणालो, ‘वा! हाही एक अर्थ निघतो. म्हणजे राग मनात असतोच.’

‘असते ना?’ मुलाची आई उठली. ‘तेच म्हणून राहिली मी. चल गा, ऊठ.’

मुलगा उठला. मेहुणीकडे न पाहता चपला घालू लागला. सासरे हात जोडून फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेले, परत आले आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

स्वयंपाकघरात मेहुणी बशा विसळत होती. मी दारात घुटमळलो. मागे न वळता ती म्हणाली, ‘अभंग चांगला पाठ झाला होता, भाऊजी.’

मी बायकोला बाजूला घेऊन हळूच म्हणालो, ‘एका हाकेसरशी उठला तो. एका अर्थी बरंच झालं.’

‘ते माह्या बहिणीनं म्हणावं, तुम्ही नाही,’ बायको म्हणाली. ‘अन् पुढचे पाहुणे येतील ना, त्या दिवशी कचेरीत जाजा. रविवार असला तरी जाजा.’