जाळीत सापडलेल्या साळुंक्या

जाळीदादाच्या घरातले सगळे पुरुष समुद्रावर जाणारे. हा एकटाच असा निघाला की होडी किनाऱ्याला बांधलेली असली तरी त्याला मळमळायचं. वडिलांनी त्याला बरेचदा होडीत बसवून पाहिलं, शेवटी हात टेकले आणि त्याच्या हाती जाळं विणायची सुई दिली. ती सुई घेऊन तो टेकडी चढला तो कायमचाच. वर वाइनच्या द्राक्षांचे मळे होते. तिथून समुद्र दिसायचा, पण हलायचा नाही. आणि द्राक्षांत गोडी उतरली की साळुंक्यांपासून घड वाचवायला वेलींवर जाळी पांघरणारं कोणीतरी लागायचंच.

खारा वारा जाळी उचकटून टाकतो, म्हणून तो तिच्या कडा खाली तारेला शिवून टाकी. शिवण अशी, की मुंगीनेही आत जाताना विचारून जावं. सगळ्या मळ्यांत त्याचं नाव होतं. घरी मात्र म्हातारा आल्यागेल्याला सांगायचा, ‘‘लोक जाळं टाकतात ते काहीतरी आत यावं म्हणून. आमचे चिरंजीव टाकतात ते काही येऊ नये म्हणून.’’ मुलाचं काम बघायला तो टेकडीवर कधी फिरकला नव्हता.

यंदा मळ्याच्या मालकीणबाईंच्या कानावर एका यंत्राची कीर्ती आली. गॅसवर चालणारी नळी, आपणहून धडाम आवाज काढते, पाखरं पळतात. तिला चहा लागत नाही, तिची कंबर धरत नाही. बाईंनी स्पष्टच सांगितलं, की समुद्राकडच्या उतारावरची द्राक्षं या वेळी पाखरांनी खाल्ली, तर पुढच्या वर्षी जाळी बंद आणि नळी सुरू. विक्रेता ती दाखवायला येणार होता, त्याच सकाळी जाळीही बघायची ठरली.

जाळीदादाने ते फारच मनावर घेतलं. पाखरं यायच्या आत काम उरकायचं म्हणून त्या दिवशी तो उजाडायच्या आधीच उतारावर पोचला. जाळी ताणली, कडा शिवल्या, वर दुहेरी टाके घातले. ऊन आलं आणि आतून किलबिल सुरू झाली. पाखरं आदल्या संध्याकाळीच वेलींत मुक्कामाला उतरली होती. डोळे उघडले तर समोर न्याहारी आणि दाराला बाहेरून कडी.

बायको चहा घेऊन आली. तिने जाळीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. ‘‘बरंच झालं,’’ ती म्हणाली, ‘‘पाहुणे न जेवता जायला नकोत.’’

मग मामंजींना बोलवावं असं तिनेच सुचवलं. तो नको नको म्हणत राहिला आणि ती टेम्पोत बसून खाली गेलीसुद्धा. म्हातारा आला, जाळीभोवती एक फेरी मारली आणि हसला नाही, हे जाळीदादाला जास्त लागलं. उताराच्या खालच्या टोकाची शिवण त्याने उसवायला लावली. मुलाला आणि सुनेला डबे वाजवत वरच्या टोकाने आत रांगायला पाठवलं. स्वतः बाहेर उभा राहून होडीवरच्या आवाजात हुकूम सोडू लागला. डावीकडून दाबा, थवा फुटू देऊ नका, सूनबाई, तू पुढे हो, त्याला काही सुधरत नाहीये. खरंच, पाखरं हळूहळू जाळीच्या उसवलेल्या तोंडाकडे सरकू लागली.

तेवढ्यात वरच्या रस्त्यावर बाई आणि विक्रेता येऊन उभे राहिले. विक्रेत्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने उत्साहाने नळी सुरू केली.

धडाम झालं. आजूबाजूच्या झाडांवरची, तारांवरची, शेजारच्या मळ्यातली होती नव्हती तेवढी पाखरं घाबरून उडाली. त्यांना लपायला आडोसा हवा होता आणि अख्ख्या टेकडीवर दार उघडं असलेला एकच आडोसा होता.

विक्रेता बराच वेळ नळीकडे बघत राहिला. बाईंनी ती गाडीत परत ठेवायला सांगितलं. मग जाळीजवळ येऊन, गुडघ्यांवर बसलेल्या जाळीदादाला म्हणाल्या, ‘‘आधी यांना बाहेर काढ. आणि पुढच्या वर्षी शिवायच्या आधी आत बघत जा.’’

त्यातलं ‘पुढच्या वर्षी’ एवढंच त्याने ऐकलं.

म्हातारा जाळीची कड दोन्ही हातांनी धरून उभा होता. आत पंखच पंख, जाळी जागोजाग फुगत होती, हलत होती. ‘‘एवढं भरलेलं जाळं,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘मला उभ्या जन्मात मिळालं नाही रे.’’

मग मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने विचारलं, ‘‘मळमळतंय का?’’

‘‘थोडं,’’ जाळीदादा म्हणाला.