बाईंची राखाडी हिमनदी

हिमनदी पांढरी रंगवली की आमच्या भूगोलाच्या बाई आकृतीचे गुण कापत. "राखाडी लाव. वर दगडगोटे दाखव. ती डोंगर खरवडत येते, न्हाऊनमाखून नाही." शेणव्याच्या शाळेत बर्फ म्हणजे म्हशाच्या जत्रेतला गोळा. एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "बाई, तुमी बघितलीय का?" बाई म्हणाल्या, "नाही. तू तुझा खापरपणजा बघितलायस? तरी होता ना?"

न बघताही त्या ती दाखवत. घरून नाचणीची घट्ट उकड आणायच्या, नळीच्या कौलात ओतायच्या, आडव्या ओळीत काड्या रोवायच्या आणि कौल तिरकं ठेवायच्या. उकड सरकताना दिसायची नाही. पण तास संपेपर्यंत मधल्या काड्या पुढे गेलेल्या, कडेच्या मागे राहिलेल्या. "कडा घासतात, म्हणून मागे. आता कौल बघा. पाण्याची नदी दरी चिरते, बर्फाची नदी अशी गोल कोरते." नंतर ती उकड कोणी खायची यावरून मारामाऱ्या.

निवृत्त झाल्यावर, गुडघे गेल्यावर, बाईंनी गंगोत्रीची हिमनदी बघायची ठरवली. डॉक्टर नको म्हणाले. मुलगा म्हणाला, "आई, व्हिडिओ बघ ना." बाईंनी मला बोलावलं. मी पिठाची गिरणी चालवते, त्यांची नात्यातली कोणी नाही. "तू चल. तू रडत नाहीस," एवढंच कारण दिलं.

गोमुखाच्या वाटेवर शेवटी नुसते दगडांचे ढिगारे. बाई बसून बसून सरकत होत्या. वाटाड्या म्हणाला, "माताजी, यहीं से दर्शन कर लो." बाई म्हणाल्या, "दर्शन नहीं, निरीक्षण," आणि पुढे सरकल्या. बर्फाची भिंत दिसली तेव्हा शेजारचे यात्रेकरू हिरमुसले. मातकट, भेगाळलेली, डोक्यावर दगडांचं ओझं आणि खालून दुधट राखाडी पाणी. बाई मात्र हरखल्या. "बघ गं, तुझाच धंदा. या पाण्यात दगडाचं पीठ आहे." एका खडकावर बर्फाने ओढलेले ओरखडे होते, त्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. मग वाटाड्याने हिमनदीचं तोंड पूर्वी कुठवर होतं ते दाखवलं. ती जागा आम्ही केव्हाच ओलांडून आलो होतो. बाई वळून त्या जागेकडे बघत म्हणाल्या, "मागे चाललीय ती. आले ते बरं केलं."

परतलो तर बाईंच्या अंगणात पाट मांडलेला. त्यांच्या जाऊबाई परात घेऊन उभ्या, अर्धं गाव पाया पडायला हजर.

"पाय पुढं कर गो. गंगेवरून आलीस."

"मी यात्रा केली नाही. अभ्यासाला गेले होते."

"ह्या वयात अभ्यास! मावंदं नाय घातलंस तं पुण्य पदरात पडत नाय."

"नकोच आहे मला."

"आनि मी जेवाय सांगितलेल्या बाया? त्यांना काय तुझे दगड वाढू?"

यात्रेहून आल्यावरचं ते जेवण शेवटी बाईंनी घातलं. पण पानं वाढल्यावर कोणाला घास घेऊ दिला नाही. आधी हिमनदी. वरण गार झालं. कंटाळून जाऊबाईंनीच विचारलं, "मंग ती वितळून सरली तं नदी आटंल का?"

बाई खूश. "पावसाचं पाणी येईल. उन्हाळ्यात मात्र हाल. जेवा आता."

गेल्या वर्षी बाई वारल्या. नाक्यावर लावायच्या बॅनरवर नावाखाली ओळ होती, 'गंगायात्रा केलेल्या पुण्यवान माउली'. मी दुकानात जाऊन ती काढायला लावली.

"मग काय टाकू, ताई?"

"भूगोलाच्या शिक्षिका."

"नुसतं येवढंच? बरं नाय दिसत."

"न दिसू दे."

जाऊबाईंचा फोन आला, मग मुलाचा. दोघांनाही सांगितलं, भांडायचं तर गिरणीवर या. कोणी आलं नाही. बॅनर लागला.