पत्ता आमचाच लिहा

नव्वदच्या दशकात हरसूलकडचं कुणीही कॅन्सरच्या तपासणीसाठी नाशिकला आलं, की मुक्काम आमच्या नाशिक रोडच्या क्वार्टरमध्ये. वडील स्वतः केसपेपरच्या रांगेत उभे राहत आणि खिडकीशी सांगत, "पत्ता आमचाच लिहा." गावाकडे टपाल कधी पोचेल याचा नेम नव्हता. पुढच्या तपासणीचं पत्र आमच्याकडे यायचं, आई जीपवाल्याकडे निरोप द्यायची. दोन खोल्यांत माणसं दाटीवाटीनं झोपायची. मी कुरकुरले की आई म्हणायची, "घर असतं कशाला मग?"

दोन हजार सालानंतर त्याच रुग्णालयात मला संगणकावर नोंदी भरायचं काम मिळालं. वर्षानुवर्षांचे केसपेपर आत गेले आणि कुठल्या भागात कॅन्सरचे किती रुग्ण, याचा जिल्ह्याचा नकाशा पडद्यावर आला. नाशिक रोड लालभडक. हरसूलचा डोंगराळ पट्टा पांढरा. त्या लाल ठिपक्यांतली कितीतरी माणसं आमच्या सतरंजीवर झोपून गेली होती. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "आता कोण कुठला, कसं शोधणार? नोंदीत आहे तेच धरावं लागेल." लाल भाग बघून तपासणीची फिरती गाडी नाशिक रोडला पाठवली गेली, आमच्या क्वार्टरसमोरच उभी राहिली. मला संताप आला. पण रागवायचं कुणावर? वडील करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

माझी आत्या हरसूलजवळच्या खेड्यात दिलेली. तिच्या छातीत गाठ होती, लाजेनं तिनं कुणाला सांगितलं नाही. गाडी तिच्या गावात गेली असती, लेडी डॉक्टरनं हात लावून पाहिलं असतं, तर वेळेत कळलं असतं, असं मला आजही वाटतं. ती आमच्याकडे आली तेव्हा फार उशीर झाला होता.

केसपेपरच्या खिडकीशी वडील सवयीनं म्हणाले, "पत्ता आमचाच..."

"नाही," मी मध्येच बोलले. "हिच्या गावचा लिहा."

आजी-आजोबा गेल्यापासून भावाचं घर हेच आत्याचं माहेर. ती माझ्याकडे वळली. "तुमच्या घरी नाय का लिवायचं मला?"

बाकावर बसवून मी तिला नकाशा, गाडी, सगळं समजावलं. हे आदल्या दिवशी घरी, चहा पिताना सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "बरं, लिव तुला वाटंल तिथं." उपचार चालले तोवर ती आमच्याकडेच राहिली, पण माठातलं पाणीसुद्धा विचारून घ्यायची. ते आठवलं की अजून जीव तुटतो.

तिच्यासारख्या गावच्या पत्त्याच्या नोंदी वाढल्या, तेव्हा गाडी तिच्या गावाला गेली. आत्या तोवर नव्हती. नावं नोंदवायला मी टेबल मांडून बसले. रांगेत पहिली आत्याची सून उभी होती. ओळख असूनही रीतीप्रमाणे मी पत्ता विचारला.

"हितलाच," ती म्हणाली. "सासूनं बजावलं व्हतं. नाशिकच्या मामांच्या घरचा सांगायचा नाय. ते घर आता आपलं नाय."

मी गावाचं नाव लिहिलं आणि तिला आत पाठवलं.