हाताच्या पाठीनं

तुर्भ्याच्या आमच्या केंद्रात आम्ही फुटपाथवर राहणाऱ्या बायकांना हॉटेलातल्या खोल्या आवरायला शिकवतो. त्यांतलीच ही एक. चादर अशी ताणून खोचायची की बघत राहावं. शेवटचा हात मात्र उलटा फिरवायची, हाताच्या पाठीनं. तळवे खरबरीत, धागा अडकतो म्हणायची.

"मावशी, एकदा बसून तरी बघा गादीवर," मी म्हणायचे.

"नगं मॅडम, सुरकुती पडंल."

शिकून झाल्यावर बाकीच्यांनी कुणा ना कुणा नातेवाइकाचा पत्ता दिला आणि त्या कामाला लागल्या. हिला तसं कुणीच नव्हतं. ज्या बाईला पत्ता नाही, तिच्या हातात खोल्यांच्या किल्ल्या कशा द्यायच्या, असं हॉटेलवाले म्हणाले. मी खूप भांडले. काही उपयोग झाला नाही.

परवा पुलाखाली तिला भेटायला गेले. जुन्या फ्लेक्सवर चादर अंथरलेली, चारी कोपरे विटांखाली घट्ट खोचलेले.

"बसा की मॅडम."

बसले. थोड्या वेळानं उठले, तशी तिनं हाताच्या पाठीनं चादरीवरची माझी सुरकुती मोडली.